दर शनिवारी नैरोबीला जाऊन येणारं शरीर

कोथरूडच्या आमच्या घरात शनिवार साडेनऊला उजाडायचा. दुधाची पिशवी दाराला लटकलेली, कामाच्या मावशी दोनदा बेल वाजवून परत गेलेल्या. आठवडाभर नवरा हिंजवडीला, मी हडपसरला. सुट्टीचे दोन दिवस हीच काय ती हक्काची झोप. तरीही सोमवारी सकाळी दोघंही चहाचा कप धरून गप्प बसलेले असायचो. इतकं झोपूनही अंग जड का, याचं उत्तर झोपेचं विज्ञान वाचताना मिळालं.

एरवी आम्ही रात्री साडेअकराला झोपून सहाला उठतो. म्हणजे झोपेचा मध्य पावणेतीनला. शनिवारी एकला झोपून साडेनऊला उठलो की हाच मध्य सव्वापाचवर जातो. फरक अडीच तासांचा. नैरोबीचं घड्याळ आपल्यापेक्षा बरोबर अडीच तास मागे आहे. थोडक्यात, शुक्रवारी रात्री आम्ही नैरोबीला जायचो आणि रविवारी रात्री परतायचो, तेही सोफ्यावरून न उठता. टिल रोएनेबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये याला नाव दिलं, ‘सोशल जेटलॅग’.

जाणं सोपं, परतणं अवघड. माणसाच्या मेंदूतल्या घड्याळाचा फेरा सरासरी 24 तासांपेक्षा थोडा मोठा असतो, सुमारे 24 तास 10 मिनिटांचा. त्याचा कल आपसूकच उशिराकडे. त्याला रोज पुढे ओढून जागेवर आणतो तो सकाळचा उजेड, आणि साडेनऊपर्यंत पडदे ओढून झोपलं की नेमका तोच बुडतो.

पुण्यात यात आणखी एक भर पडते. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावरची आहे, पुणे त्याच्या साडेआठ अंशांहून जास्त पश्चिमेला. त्यामुळे इथे सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी 12 वाजून 35 मिनिटांनी. जानेवारीत सूर्योदयच सातनंतर होतो. सहाचा गजर वाजतो तेव्हा खिडकीबाहेर मिट्ट काळोख असतो. भिंतीवरचं घड्याळ सकाळ म्हणतं, शरीराच्या लेखी ती रात्रच असते.

मग राहिलेली झोप भरून काढायचीच नाही का? काढायची, जरूर काढायची. पण सकाळ लांबवून नाही. रात्री लवकर आडवं व्हायचं, आणि दुपारी वामकुक्षी घ्यायची. पुण्याच्या एक ते चारवर लोकांनी पुष्कळ हसून घेतलंय, पण या बाबतीत मी पुण्याच्या बाजूची आहे. दुपारच्या झोपेचं खापर आपण आमरस-पुरीवर फोडतो. भरपेट जेवणाने ती वाढते हे खरंच, पण न जेवलेल्या माणसालाही त्या सुमाराला पेंग येते. सकाळी उठल्यापासून मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं, झोप आणणारं रसायन साचत जातं आणि झोपेचा दाब वाढत जातो. त्याला तोंड देत जागं ठेवणारा घड्याळाचा इशारा खरा जोर धरतो तो संध्याकाळकडे. मधल्या वेळात दाब वरचढ ठरतो.

मुद्दा असतो तो किती वेळ झोपायचं, हा. वीस-पंचवीस मिनिटांत उठलं तर तरतरी येते. तासभराने उठवलं तर बरेचदा गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं सुन्न होतं. नवरा पूर्वी पाचपर्यंत घोरायचा. साचलेलं अ‍ॅडेनोसिन तेव्हाच ओसरायचं आणि रात्री एकपर्यंत तो छताकडे बघत पडायचा. वर संध्याकाळी सहाचा कडक चहा! कॅफीन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं, म्हणून हुशारी वाटते. पण ते रक्तातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन अकराला अंगातच असतं.

गेल्या रविवारी साडेसातला बाल्कनीत बसून पोहे खाल्ले, उन्हाकडे तोंड करून. दुपारी वरण-भात, बटाट्याची भाजी, मग हॉलमध्ये सतरंजी अंथरली, पंखा दोनवर. त्याने पंचवीस मिनिटांचा गजर लावला. तो वाजला तेव्हा त्याचा हात माझ्या खांद्यावर होता आणि दोघांनाही अजून थोडं पडावंसं वाटत होतं. उठलो. साडेतीनला आलं घालून चहा झाला, दिवसातला शेवटचा. साडेदहाला दिवा मालवला. मावशींना आता एकदाच बेल वाजवावी लागते.