वालुकाश्मातील युरेनियम निक्षेप

भूजलात विरघळून आलेले युरेनियम वालुकाश्माच्या सच्छिद्र थरांत साचून बनलेले साठे. हे वालुकाश्म बहुधा प्राचीन नद्यांनी आणलेल्या वाळूचे असतात. झारखंडमधील जादूगुडा येथील साठा निराळ्या प्रकारचा आहे. गल्लत करू नये.

उत्पत्ती : ग्रॅनाइटात युरेनियम दशलक्षात जेमतेम ३ ते ५ भाग असते. ऑक्सिजनयुक्त पाण्यात ते +६ संयुजेच्या रूपात विरघळते आणि कार्बोनेटांशी जोडले जाऊन दूरवर वाहत जाते. थोरियम असे विरघळत नाही, म्हणून ते मोनाझाइट या थोरियमयुक्त खनिजाच्या कणांतून केरळच्या किनारी वाळूत साचते. वनस्पतींचे अवशेष, पायराइट किंवा हायड्रोजन सल्फाइड असलेल्या थरात पाणी शिरले की युरेनियमाचे क्षपण होते (त्याला इलेक्ट्रॉन मिळून ते न विरघळणाऱ्या रूपात येते) व युरॅनिनाइट, कॉफिनाइट ही खनिजे तेथे बसतात. अमेरिकेतील कोलोरॅडो पठारावरील अश्मीभूत ओंडक्यांत तर लाकडाच्या पेशींची घडण या खनिजांनीच जपलेली आढळते.

अमेरिकेच्याच वायोमिंग राज्यातील साठे उभ्या छेदात चंद्रकोरीसारखे दिसतात. पाणी आले त्या बाजूचा खडक तांबूस-पिवळा, पलीकडचा राखाडी, मधे काळपट धातुक. पाणी वाहते आहे तोवर मागचे खनिज विरघळून पुढे पुन्हा बसते. त्यामुळे वयाचे आकडे सावधपणे घ्यावे लागतात. हाती येणारे वय बऱ्याचदा शेवटच्या स्थलांतराचे असते.

क्षपण कोण घडवते, हा वादाचा मुद्दा आहे. पूर्वी ते निव्वळ रासायनिक मानत. काही जीवाणू युरेनियमाचे थेट क्षपण करतात, हे १९९१ मध्ये प्रयोगशाळेत दिसले. २०१७ मध्ये वायोमिंगच्या अस्पर्शित धातुकात जैव उगमाचे, स्फटिकरूप नसलेले युरेनियम मोठ्या प्रमाणात असल्याचे प्रसिद्ध झाले. तेथील तरुण साठ्यांपुरते जीवाणूंचे पारडे जड वाटते. जुन्या, तापलेल्या साठ्यांना हा निष्कर्ष सरसकट लावणे घाईचे होईल. वायोमिंगचे युरेनियम ग्रॅनाइटातून आले की ज्वालामुखी राखेतून, याबद्दलही मतभेद आहेत. दोन्ही स्रोत असणे अधिक संभवनीय.

बहुतेक साठे जमिनीवर वनस्पती पसरल्यानंतरचे, म्हणजे सु. ४० कोटी वर्षांच्या आतल्या खडकांतील आहेत. गॅबनमधील ओक्लो हा ठळक अपवाद सु. २ अब्ज वर्षे जुना असून तेथील नैसर्गिक अणुभंजनाचा छडा १९७२ मध्ये लागला.

भारत : मेघालयातील उत्तर क्रिटेशस कालीन (सु. १० ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या) महादेक शैलसमूहात डोमियासियाट व वाहकिन येथे असे साठे आहेत. क्षपण मुख्यतः वनस्पतिज कार्बनामुळे झाले असावे. युरेनियमाचा स्रोत पठारावरील ग्रॅनाइट मानतात. स्थानिक विरोधामुळे खाणकाम दीर्घकाळ रखडले. मुंबई दक्खनच्या बेसाल्टावर वसलेली. त्यात युरेनियम अत्यल्प, म्हणून येथे असा साठा संभवत नाही. शहराचा संबंध पुढच्या टप्प्याशी आहे : अणुभट्टीयोग्य युरेनियम धातू तुर्भे (ट्रॉम्बे) येथे १९५९ मध्ये तयार झाला.

उत्खनन : कझाकस्तानात खाण न खोदता, विंधन विहिरींतून आम्ल सोडून युरेनियम जागीच विरघळवून वर काढतात.