एका खिडकीला तीन कामं सांगू नका

समोर डोंगर दिसतो म्हणून तिकडची अख्खी भिंत काचेची केली, की पहिला महिना कौतुकात जातो. मग पडदे येतात आणि दिवसभर ओढलेलेच राहतात. उजेड घेणं, दृश्य दाखवणं आणि हवा खेळवणं ही तीन निरनिराळी कामं आहेत. एकाच तावदानावर तिन्ही लादली की असं होतं. जिकडे दृश्य सुंदर, तिकडून येणारं ऊन बरेचदा नकोसं असतं.

म्हणून नकाशाआधी दिशा पक्की करा. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं आणि ती खऱ्या उत्तरेपासून काही ठिकाणी १५ अंशांहूनही जास्त ढळलेली असते. त्यापेक्षा सपाट जमिनीत १ मीटर उंचीची काठी ओळंब्यात उभी करा. सकाळी दहाच्या सुमारास सावलीच्या टोकाशी खूण करून, काठी मध्यावर धरून, त्या खुणेतून जाणारं वर्तुळ काढा. दुपारनंतर सावलीचं टोक पुन्हा त्या वर्तुळाला टेकेल तिथे दुसरी खूण. सकाळची खूण पश्चिमेची, दुपारची पूर्वेची.

मग सूर्याची उंची. ९० मधून अक्षांश वजा केले की मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून किती अंश वर असेल ते कळतं. २१ जूनसाठी त्यात २३.४ मिळवायचे, २१ डिसेंबरसाठी तेवढेच वजा करायचे. (हे उत्तर गोलार्धाचं गणित; जूनची बेरीज ९० च्या वर गेली तर सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे कललेला असतो. दक्षिण गोलार्धात महिने आणि दिशा उलट धरा.) ४० अक्षांशावर हे कोन ७३.४ आणि २६.६ येतात. तिथे दक्षिणेच्या भिंतीवर ६० सेंटिमीटर बाहेर आलेल्या छज्जाची सावली जूनमध्ये सुमारे २ मीटर खाली उतरते, डिसेंबरमध्ये फक्त ३० सेंटिमीटर. छज्जा खिडकीच्या वरच्या कडेपासून ३० सेंटिमीटर वर घेतला, तर त्याखालची १.७ मीटर उंच खिडकी उन्हाळ्यात भर दुपारी पूर्ण सावलीत आणि हिवाळ्यात पूर्ण उन्हात राहते. छज्जा खिडकीएवढाच रुंद ठेवणं ही नेहमीची चूक: दुपारच्या आधी आणि नंतर ऊन तिरपं येतं आणि बाजूने आत शिरतं. छज्जा जितका बाहेर आला आहे, निदान तेवढा तो दोन्हीकडे वाढवावा.

पश्चिमेला ही युक्ती चालत नाही. उन्हं कलल्यावर सूर्य २५ अंशांवर आणि खिडकीच्या अगदी समोर असेल, तर १.५ मीटर उंचीची खिडकी झाकायला छज्जा ३.२ मीटर बाहेर काढावा लागेल. म्हणजे व्हरांडाच! आडोसा नसलेल्या ४ चौरस मीटर साध्या काचेवर दर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन पडलं, तर त्यातलं जवळपास ८० टक्के आत येतं. खोलीत २ किलोवॅटचा हीटर लावल्यासारखंच हे. आतला पडदा फारसा उपयोगी पडत नाही, कारण ऊन काच ओलांडून आलेलं असतं. तापलेला पडदा ती उष्णता खोलीतच सोडतो. आडोसा काचेच्या बाहेर हवा: उभ्या पट्ट्या, बाहेरची झडप, वेलीचा मांडव किंवा झाड.

पण दृश्य नेमकं पश्चिमेलाच असलं तर? मग दृश्याची खिडकी लहान करा. युरोपच्या २०१८ च्या इएन १७०३७ या मानकात दृश्याची किमान अट आडव्या रोखाने १४ अंशांची आहे; ३ मीटरवर बसलेल्या माणसाला त्यासाठी जेमतेम ७५ सेंटिमीटर रुंदी पुरते. तेच मानक दृश्याचे तीन थर मानतं: आकाश, मधला परिसर आणि जमीन. एका खिडकीतून तिन्ही थर दिसले तर ती लहान असूनही समाधान देते. नुसतं आकाश दाखवणारी मोठी काच लवकर कंटाळवाणी होते. १९८४ मध्ये रॉजर उलरिक यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास लहान होता, पण खिडकीबाहेर काय आहे याकडे त्याने लक्ष वेधलं.

दृश्य बिघडतं ते बहुधा काही सेंटिमीटरांमुळे. खुर्चीवर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतात, उभ्याने १.५ ते १.६, जमिनीवर बसल्यास ७५-८० सेंटिमीटर. चौकटीची आडवी पट्टी यांपैकी एखाद्या उंचीवर आली की क्षितिज नेमकं तिच्यामागे जातं. उतारावरच्या घरात कठडा त्याहून घातक. कठड्यापासून ५ मीटर आत खुर्ची आणि १ मीटरचा भरीव कठडा असेल, तर नजर क्षितिजाखाली २.३ अंशांवरच अडते आणि दरी दिसत नाही. गच्ची तीन पायऱ्या, म्हणजे ४५ सेंटिमीटर, खाली घेतली की हाच कोन ७.४ अंश होतो.

उजेडाची खिडकी वेगळी, आणि ती उंच हवी. खोलीत उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंत कामाचा राहतो: कड २.१ मीटरवर असेल तर ४.२ मीटर, २.७ वर नेली तर ५.४. तेवढीच काच खाली वाढवली तर मुख्यतः जमीनच उजळते. खिडकी कोपऱ्यात, काटकोनातल्या भिंतीला चिकटून घेतली तर ती भिंत उजळून मऊ प्रकाश परतवते. भिंतीच्या ऐन मध्यावरचं एकटं भोक मात्र डोळ्यांत खुपतं, कारण उजळ काच आणि तिच्या भोवतालचा अंधार यांत फरक फार. दुसऱ्या बाजूला एक छोटी खिडकी दिली की तो निवळतो.

उतार असेल तर घर समोच्च रेषांना, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांना, समांतर लांबवा. १० मीटरला १ मीटर चढ असेल आणि सगळं एका पातळीवर आणायचं ठरवलं, तर एकीकडे खोदकाम आणि दुसरीकडे भराव येतो. भराव वर्षानुवर्षं बसत राहतो; पाया अर्धा त्यावर आणि अर्धा मूळ जमिनीवर असला की तडे जातात. मधे सहा-सात पायऱ्या घेऊन दोन पातळ्या करणं बरं. वरच्या अंगाला चर खणून उतरतं पाणी बाजूने काढा, आणि घराभोवतीची जमीन पहिल्या ३ मीटरांत १५ सेंटिमीटर बाहेर उतरती ठेवा. मातीला धरणाऱ्या भिंती बहुतेक मागे साठलेल्या पाण्याच्या दाबाने कलतात, म्हणून त्यांना पाणी झिरपायला भोकं हवीतच.

जुनं झाड वाचवायचं असेल तर खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येत खोदकाम, भराव आणि ट्रकची ये-जा बंद. ३० सेंटिमीटर खोडाला हे ३.६ मीटर होतं. बांधकामात दबलेली मुळं काही वर्षांनी झाड वाळल्यावर कळतात, आणि तोवर पश्चिमेची सगळी सावली त्याच्याच भरवशावर आखलेली असते.

एक गोष्ट मात्र नकाशावर कधीच दिसत नाही: रात्र. दिवे लागले की मोठी काच काळा आरसा होते आणि दृश्याच्या जागी आपणच दिसतो. छतावरच्या दिव्यांऐवजी खाली, काचेत प्रतिबिंब पडणार नाही असे झाकलेले दिवे लावा आणि बाहेर एखाद्या झाडावर मंद उजेड ठेवा. आतला प्रकाश पुरेसा कमी झाला, की काचेपलीकडचं पुन्हा दिसू लागतं.