डिलीट का रखडते? फॉरेन कीच्या इंडेक्सची पार्श्वभूमी

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद अडतीच्या सॉफ्टवेअरमधून दुबार पडलेली ४१२ शेतकरी खाती काढायची होती. एकाही खात्यावर पट्टी, म्हणजे मालविक्रीच्या हिशेबाची पावती, नव्हती. तीच खाती सिलेक्टने, म्हणजे नुसती शोधून, लगेच दिसत होती. डिलीटला मात्र ७ मिनिटं लागली. दिवाणजींनी सगळा दोष जुन्या मशीनवर टाकला. खरं कारण फॉरेन की, म्हणजे पट्टीच्या टेबलातला खात्याकडे बोट दाखवणारा कॉलम. खातं काढताना त्यावर पट्टी नाही ना, हे डेटाबेस तिथे शोधतो; इंडेक्स म्हणजे तो शोध झटपट करणारी सूची.

डेटा टेबलांत मांडणारं रिलेशनल मॉडेल १९७० चं; मूळ ओळीबरोबर तिच्यावर अवलंबून ओळीही काढणारं कॅस्केड एसक्यूएलच्या मानकात आलं १९९२ मध्ये. आपल्याकडचा घोळ त्यानंतरचा. २००० नंतर छोट्या दुकानांची सॉफ्टवेअर मायएसक्यूएल या डेटाबेसवर उभी राहिली आणि खाली डेटा साठवणारं इंजिन असायचं मायआयसॅम. ते फॉरेन की निमूट लिहून घ्यायचं आणि विसरून जायचं. तपासणीच नाही, त्यामुळे डिलीट झटपट; मागे बेवारस पट्ट्या. मायएसक्यूएलच्या २०१० च्या ५.५ आवृत्तीत इनोडीबी हे दुसरं इंजिन डिफॉल्ट झालं. ते तपासतं, आणि फॉरेन कीच्या कॉलमवर इंडेक्स नसेल तर स्वतःच लावतं. ही सवय घेऊन मंडळी पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर आली. तिथे फॉरेन की २००० पासून, ७.० आवृत्तीपासून आहे. इंडेक्सचं मात्र तुमचं तुम्ही बघायचं. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरचंही तेच.

इंडेक्स आपोआप न लावण्याच्या या निर्णयावर वाद जुना आहे. बाजू घेणारे म्हणतात, प्रत्येक इंडेक्स म्हणजे प्रत्येक इन्सर्टवर भुर्दंड. मूळ टेबलातून कधी काही काढायचंच नसेल तर तो कशाला पोसायचा? मुद्दा खरा आहे. पण नावातच ‘की’ आहे, आणि प्रायमरी कीला इंडेक्स आपोआप मिळतो. मग फॉरेन कीलाही मिळत असेल असं नवख्याने धरलं तर चूक त्याची कशी? निदान एक वॉर्निंग तरी द्यावी.

आमच्याकडेही पोस्टग्रेसच. पट्टीच्या टेबलात २२ लाख ओळी होत्या आणि खात्याच्या कॉलमवर इंडेक्स नव्हता. खात्यावर एखादी पट्टी असती तर शोध तिथेच थांबला असता. काहीच नाही हे कळायला मात्र टेबल शेवटपर्यंत चाळावं लागतं. ते ४१२ वेळा, म्हणजे ९० कोटी ओळी. क्वेरी कशी चालेल ते दाखवणाऱ्या नुसत्या एक्सप्लेनमध्ये यातलं काही दिसत नाही. एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ डिलीट खरोखरच चालवतं, म्हणून बिगिन आणि रोलबॅकच्या मध्ये घातलं, म्हणजे शेवटी सगळं पूर्ववत होतं. डिलीटच्या ओळीवर काही मिलिसेकंद, आणि तळाशी कन्स्ट्रेंट ट्रिगरपुढे, म्हणजे फॉरेन कीच्या तपासणीपुढे, चार लाखांच्या वर.

इंडेक्स कन्करंटली, म्हणजे टेबलातलं लिखाण न अडवता, लावला. साध्या पद्धतीने तो पुरा होईपर्यंत नव्या पट्ट्या अडकल्या असत्या, आणि बाहेर सौदे चालू होते.