एसडीआर घेताय? आधी हॅम लायसन्सचं बघा: पात्रता, कागदपत्रं, परीक्षा आणि ठाणे-नवी मुंबईकरांसाठी थोडं जास्तीचं

ऐरोली, नेरुळ, घोडबंदर पट्ट्यातल्या कॉलेजच्या पोरांकडून एक प्रश्न सारखा येतो, की वायरलेस सिक्युरिटी शिकायचीय, स्वस्तातला एसडीआर (सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून सॉफ्टवेअरने चालवायचा रेडिओ) कुठला घेऊ. मॉडेलचं उत्तर सोपं आहे आणि ते देतोच, पण त्याच्यासोबत परवान्याचं कुणी विचारत नाही आणि खरी अडचण तिथेच येते, म्हणून आज सगळं नीट लिहून ठेवतोय.

मॉडेलचं आधी उरकून घेऊ. आरटीएल-एसडीआर म्हणजे मुळात टीव्ही बघायचा यूएसबी डोंगल, त्यातल्या आरटीएल२८३२यू चिपमधून कच्चा सिग्नल डेटा थेट कॉम्प्युटरवर घेता येतो हे २०१२ च्या आसपास लोकांच्या लक्षात आलं आणि तिथून स्वस्त एसडीआरचा जमाना सुरू झाला. रेंज साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ, आणि महत्त्वाचं म्हणजे तो फक्त ऐकतो, पाठवत नाही. हॅकआरएफ वन १ मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ चालतो, ऐकतो पण आणि पाठवतो पण, मात्र एका वेळी एकच काम करतो. अॅडाल्म-प्लूटो ३२५ ते ३८०० मेगाहर्ट्झ, मुळात विद्यार्थ्यांसाठी काढलेला, दोन्ही कामं एकदम करतो. शिकायला सुरुवात करणाऱ्याने आरटीएलच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण सिग्नल ओळखणं, मॉड्युलेशन (सिग्नलवर माहिती कशी चढवलीय ते) समजणं, डिकोड करणं यात पहिले कित्येक महिने आरामात जातात आणि पाठवायची गरजच पडत नाही.

आता कायदा. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यात परवान्याशिवाय वायरलेस यंत्र नुसतं जवळ बाळगायलाच मनाई होती, आणि २०२३ च्या टेलिकम्युनिकेशन्स अॅक्टच्या कलम ३ मध्ये पण रेडिओ उपकरण बाळगायला परवानगी लागते हे आहेच. त्याच कायद्याचं कलम ४२ जून २०२४ पासून लागू झालंय, दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये विनापरवाना शिरलात किंवा दुसऱ्याचा मेसेज मधल्यामध्ये पकडलात तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे "मी फक्त शिकत होतो" हे उत्तर कामाला येत नाही, हातात कागद पाहिजे. आणि एकट्या माणसाला, कंपनी नाही, लॅब नाही, अशा विद्यार्थ्याला मिळू शकेल असा सगळ्यात सरळ कागद म्हणजे अॅमॅच्युअर म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स, ज्याला सगळे हॅम लायसन्स म्हणतात.

हे लायसन्स दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा देते, १९७८ च्या अॅमॅच्युअर सर्व्हिस नियमांखाली. पात्रतेत फारसं काही अवघड नाही, वय १२ पूर्ण पाहिजे आणि भारताचे नागरिक पाहिजेत, इंजिनीअरिंगची डिग्री वगैरे लागत नाही, नववीतली मुलगीसुद्धा देऊ शकते. दोन ग्रेड आहेत. रिस्ट्रिक्टेडला फक्त लेखी परीक्षा, दोन भाग ५०-५० मार्कांचे, एक रेडिओ थिअरीचा आणि एक नियमांचा, प्रत्येक भागात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के पाहिजेत. जनरलला प्रत्येकी ५० आणि एकूण ५५ टक्के, वर मोर्स कोड मिनिटाला ८ शब्द, ऐकून लिहायचा आणि की वर पाठवायचा. रिस्ट्रिक्टेडवाल्याला व्हीयू३ ने सुरू होणारं कॉलसाइन (हवेत बोलताना सांगायचं स्वतःचं ओळखचिन्ह) मिळतं, जनरलवाल्याला व्हीयू२. एसडीआरसाठी घेत असाल तर रिस्ट्रिक्टेड पुरे, मोर्सची आवड असेल तर थेट जनरल द्या, पण मोर्स येत नाही म्हणून सगळंच वर्षभर पुढे ढकलू नका.

अर्ज ऑनलाइन, सरल संचार नावाच्या सरकारी पोर्टलवर. इथे बहुतेकांचा एक गोंधळ होतो तो आधीच सांगतो: प्रोसेस दोन टप्प्यांची आहे. पहिला अर्ज परीक्षेचा, पास झालात की मिळतं ते ऑपरेटरचं सर्टिफिकेट, ज्याला सगळे एएसओसी म्हणतात. हे सर्टिफिकेट म्हणजे लायसन्स नाही. ते आल्यावर त्याच पोर्टलवर स्टेशन लायसन्सचा वेगळा अर्ज करायचा, फी वेगळी भरायची, आणि लायसन्स व कॉलसाइन हातात आल्यावरच ट्रान्समिटचं बटण दाबायचं. बरीच पोरं सर्टिफिकेट आलं की झालं असं समजून थांबतात, काही तर सरळ हवेत सिग्नल पाठवायला लागतात, आणि ते बेकायदेशीर आहे.

कागदपत्रांमध्ये फोटो, सहीचा स्कॅन, ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, आणि लायसन्सच्या अर्जाला एएसओसीची कॉपी. जन्मतारखेला दहावीचं सर्टिफिकेट किंवा जन्मदाखला तयार ठेवा. अर्जदार १८ च्या आतला असेल तर आईवडिलांना सोबत बसवूनच फॉर्म भरा. नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि मार्कशीटवर दुसरं असं आपल्याकडे सर्रास असतं, वडिलांचं नाव एकीकडे मधे असतं आणि एकीकडे नसतं, ते आधी सारखं करून घ्या, नाहीतर अर्ज परत येतो आणि पुढच्या परीक्षेपर्यंत थांबावं लागतं.

पत्त्याबद्दल जरा जास्त बोलतो कारण आपल्या भागात खरा घोळ तिथेच आहे. घणसोलीत, कळव्यात, कामोठ्यात भाड्याने राहणारे भरपूर, आधारवर पत्ता साताऱ्याचा नाहीतर जळगावचा, आणि रेडिओ लावायचा इथे. लायसन्सवर स्टेशनचा पत्ता छापला जातो, म्हणजे तुमचा सेटअप कुठे आहे ते सरकारदरबारी नोंद होतं, म्हणून गावचा पत्ता टाकून मोकळं होऊ नका. आधी आधारवरचा पत्ता बदलून घ्या मग अर्ज करा, आणि दर ११ महिन्यांनी घर बदलत असाल तर प्रत्येक वेळी डब्ल्यूपीसीला कळवून लायसन्सवरचा पत्ता बदलून घ्यायची तयारी ठेवा. गच्चीवर अँटेना लावणार असाल तर सोसायटीच्या सेक्रेटरीला लायसन्सची कॉपी देऊन आधीच सांगून ठेवा, गच्चीवर न सांगता वायर दिसली की काय होतं ते सोसायटीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

फी फार नाही. परीक्षेची फी १०० रुपयांच्या घरात आणि लायसन्स २० वर्षांसाठी १००० किंवा आयुष्यभरासाठी २००० असं चालत आलंय, पण भरताना पोर्टलवर दिसेल तोच आकडा धरा. पेमेंटची पावती डाऊनलोड करून ठेवा, नंतर विचारणा झाली तर तीच लागते.

मुंबई विभागाची परीक्षा म्हटलं की बोरिवली पश्चिमेला गोराई रोडवरचं मॉनिटरिंग स्टेशन, तरी कॉल लेटरवर जो पत्ता आणि वेळ येईल तीच पक्की समजा. ठाण्यातून घोडबंदर रोडने सरळ बोरिवली जवळ वाटतं पण सकाळी गायमुखच्या घाटात अडकलात तर पेपर गेला, त्यापेक्षा लोकलने दादरला बदलून जा, वेळेचा भरवसा राहतो. नवी मुंबईकरांनी पनवेल-गोरेगाव हार्बर पकडावी आणि पुढे वेस्टर्नने बोरिवली. ओरिजिनल आयडी विसरू नका.

अभ्यासाला ओहमचा नियम, कॉइल-कपॅसिटर, सुपरहेट रिसीव्हर, मॉड्युलेशन, अँटेना, प्रोपगेशन हे पहिल्या भागात, इंजिनीअरिंगवाल्यांना जड नाही. मार्क जातात ते दुसऱ्या भागात, क्यू कोड (क्यू ने सुरू होणारे ठरलेले तीन अक्षरी संकेत), फोनेटिक अक्षरं, लॉगबुक, डिस्ट्रेस कॉलचे नियम, कुठल्या बँडमध्ये म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात काय चालतं, हे पाठच करावं लागतं आणि आमची हुशार पोरं हेच हलक्यात घेतात. मुंबई अॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी आहे, तिथल्या जुन्या हॅम लोकांना भेटा, ही मंडळी शिकवायला कायम तयार असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हॅम लायसन्स मिळालं म्हणजे हॅकआरएफ घेऊन काहीही पाठवायची सूट मिळाली असं नाही. लायसन्स फक्त हॅमच्या बँडपुरतं आहे, उदाहरणार्थ आपल्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. गाडीचे रिमोट, गेटचे रिमोट, स्वस्त डोअरबेल हे बरेचदा ४३३.९२ वर असतात, म्हणजे बघा, हॅमच्या बँडच्या जेमतेम बाहेर. यूट्यूबवर बघून स्वतःच्या गाडीचा रिमोट रिप्ले करायला, म्हणजे त्याचा सिग्नल पकडून परत पाठवायला गेलात तरी हॅम लायसन्स तिथे तुमच्या बाजूने उभं राहत नाही. वर हॅम बँडमध्ये एन्क्रिप्टेड किंवा सांकेतिक मेसेज चालत नाहीत, आणि सिक्युरिटीचा अर्धा खेळ तर तोच आहे.

मग २.४ गिगाहर्ट्झ आणि ८६५ ते ८६८ चा बँड, जिथे वायफाय, ब्लूटूथ, लोरा (सेन्सरसाठीचा कमी पॉवरचा, लांब पोचणारा वायरलेस प्रकार) चालतं, ते तर लायसन्सशिवाय मोकळं आहे ना, असं विचाराल. मोकळं आहे, पण ठरलेल्या पॉवरच्या आत आणि ईटीए म्हणजे सरकारी टाइप अप्रूव्हल असलेल्या उपकरणासाठी. उघड्या बोर्डचा एसडीआर आपोआप त्यात बसत नाही. मोबाईलच्या बँडमध्ये तर पाठवायचा विचारसुद्धा करू नका, जीपीएसचं पण तेच, एक मिलिवॉट बाहेर गेला तरी शेजारच्याचं नेव्हिगेशन भरकटू शकतं आणि आता आपल्या डोक्यावरून नवी मुंबई विमानतळाची विमानं जातायत.

म्हणून घरी करायचं असेल तर हवेत पाठवूच नका. एसडीआरचं आउटपुट अँटेनाऐवजी केबलने, मध्ये ६० डीबीच्या आसपास अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा तुकडा) टाकून थेट रिसीव्हरला जोडा, नाहीतर डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा, पॉवर आतच जिरवणारा) लावा. एसएमए केबल, अटेन्युएटर, डमी लोड हे सगळं लॅमिंग्टन रोडला मिळतं, एसडीआरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे आणि मोजमाप पण हवेपेक्षा स्वच्छ येतं. टेस्ट करायचं उपकरण स्वतःचं घ्या, किंवा मालकाची लेखी परवानगी घ्या, तोंडी नको.

कॉलेज किंवा स्टार्टअप असेल तर वेगळा मार्ग आहे, एक्सपेरिमेंटल लायसन्स. हे पण सरल संचारवरच, संस्थेच्या नावाने, आणि त्यात नॉन-रेडिएटिंग म्हणजे बंदिस्त जागेतलं आणि रेडिएटिंग म्हणजे हवेतलं असे प्रकार येतात. बँड, पॉवर, जागा, कालावधी, उपकरणांची यादी हे सगळं अर्जात द्यावं लागतं. फायनल इयरचा प्रोजेक्ट असेल तर गाईडला पहिल्या सेमिस्टरलाच याच्या मागे लावा, सबमिशनच्या महिन्यात सुरुवात केली तर काही होणार नाही.

खरेदी करताना बिलावर मॉडेलचं नाव पाहिजे, आणि भारतातल्या विक्रेत्याकडे ईटीए सर्टिफिकेटची कॉपी मागा, दिली नाही तर दुसरा विक्रेता बघा. वॉकीटॉकी ऑनलाइन सर्रास विकले जायला लागले म्हणून २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्सवरच्या रेडिओ उपकरणांसाठी गाइडलाइन्स काढल्या, त्यामुळे साइटवर लिस्टिंग दिसतंय म्हणजे कायदेशीर आहे असं समजू नका. बाहेरून मागवत असाल तर पार्सल कस्टम्सला अडकलं की आधी वायरलेसचाच कागद मागतात, म्हणून लायसन्स आधी, ऑर्डर नंतर.

आणि टेस्टमध्ये एखाद्या उपकरणात खरंच खोट सापडली तर तिचा व्हिडिओ टाकायच्या आधी कंपनीला कळवा, कंपनी दाद देत नसेल तर सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेकडे रिपोर्ट करा, त्यांची त्यासाठी ठरलेली पद्धत आहे. रिपोर्टमध्ये कुठलं उपकरण, कुठली फ्रिक्वेन्सी, केबलवर केलं की हवेत, आणि कुठल्या परवान्यावर केलं हे लिहा.