एका चुकीची किंमत : फुटबॉलचे नियम, भारताची शेवटची मिनिटं आणि पुणे

१० जून २०२५ रोजी हाँगकाँगच्या काय ताक स्टेडियमवर भारताचा आशियाई करंडक पात्रता सामना गोलशून्य बरोबरीकडे चालला होता. भरपाईची चार मिनिटं होत आली असताना गोलपुढे आलेला उंच चेंडू मुठीने उडवायला गोलरक्षक विशाल कैथ पुढे धावला आणि थेट समोरच्या खेळाडूवर आदळला. पेनल्टी. स्टीफन परेराने चेंडू जाळ्यात मारला आणि भारत ०-१ हरला. याच सामन्यात पहिल्या अर्ध्यात आशिक कुरुनियनने अगदी जवळून सोपी संधी घालवली होती. दुसऱ्या दिवशी चर्चा मात्र कैथचीच झाली. पुण्यात ती जरा जास्त झाली, कारण हे दोघंही कधीकाळी बालेवाडीत एफसी पुणे सिटीच्या जर्सीत खेळलेले.

चर्चेचा सूर ओळखीचा होता : एवढी साधी चूक कशी होते? पण साध्या चुकीचा निकाल एवढा जबर का लागतो, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर खेळाडूच्या डोक्यात किंवा पायात जेवढं आहे, तेवढंच नियमांच्या इतिहासातही आहे.

गोलच कमी पडतात, हे त्यातलं पहिलं कारण. कतारमधल्या २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्यामागे तीनसुद्धा नाहीत. क्रिकेटमध्ये स्लिपमध्ये झेल सुटला तरी पुढच्या षटकात त्याची भरपाई होऊ शकते. सुटलेल्या झेलावर मिळालेलं जीवदान पाच धावांत आटोपलं तर तो झेल संध्याकाळी कुणाला आठवतही नाही. फुटबॉलमध्ये ८९व्या मिनिटाला गेलेला गोल परत आणायला वेळच उरत नाही. इटलीत तर फार पूर्वीपासून असं मानणारे लोक आहेत की दोन्ही संघ बिनचूक खेळले तर सामना ०-० च सुटेल. हे टोकाचं आहे, मला पटतही नाही. पण बचाव शिकवणाऱ्यांच्या मनात हा विचार कुठेतरी असतोच.

दुसरं कारण म्हणजे पेनल्टी, आणि पेनल्टी काही खेळाच्या जन्मापासूनची नाही. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १८६३ मध्ये नियम लिहिले तेव्हा मैदानावर खेळणारे सगळे सभ्य गृहस्थ आहेत, मुद्दाम कुणी आगळीक करणार नाही, अशी समजूत होती. ती फार टिकली नाही. फेब्रुवारी १८९१ मध्ये एफए करंडकात नॉट्स काउंटी विरुद्ध स्टोक सामन्यात काउंटीच्या बचावपटूने गोलरेषेवर चक्क हाताने चेंडू अडवला. शिक्षा काय? रेषेजवळून फ्री किक. गोलरक्षक चेंडूपुढेच उभा राहिला, किक वाया गेली आणि काउंटी १-० जिंकली. आयर्लंडच्या आर्मा परगण्यातला गोलरक्षक विल्यम मॅक्रम याने आधीच पेनल्टीची सूचना मांडली होती. तेव्हा तिची थट्टा झाली, ‘देहदंड’ म्हणून तिला नावं ठेवली गेली. स्टोकच्या प्रकरणानंतर थट्टा ओसरली आणि जून १८९१ मध्ये नियम मंजूर झाला. आज गोलसमोर दिसतो तो आयताकृती पेनल्टी बॉक्स आणि त्यातला तो ठिपका १९०२ चा.

लबाडी महाग पडावी हा या नियमाचा हेतू. पण रेषा आखली की ती हेतू पाहत नाही. बॉक्सच्या बाहेर मारलेला अर्धवट टॅकल फ्री किकवर भागतो. तोच टॅकल एक पाऊल आत झाला की साधारण चारपैकी तीन वेळा गोल. मुद्दाम हाताने चेंडू अडवणारा आणि दमून उशिरा पाय टाकणारा, कार्डाचा रंग वेगळा असू शकतो, पण पेनल्टी दोघांनाही तीच.

पुढच्या बहुतेक मोठ्या बदलांनी बचावातली चूक आणखी महाग केली. ऑफसाइडचा नियम १९२५ मध्ये सैल झाला. त्याआधी पास दिला जाताना तो घेणारा खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू लागत, नंतर दोन पुरले. न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन जुन्या नियमावर ऑफसाइडचा सापळा (बचावपटूंनी ऐनवेळी पुढे सरकून फॉरवर्डला ऑफसाइड पकडायचं) इतका चोख लावायचा की सामने मध्यरेषेभोवतीच अडकायचे. बदलानंतर इंग्लंडच्या पहिल्या विभागातले गोल एका हंगामात १,१९२ वरून १,७०३ वर गेले. सापळा लावताना एक बचावपटू अर्धा सेकंद मागे राहिला, ही चूक आधीही व्हायची. पण तेव्हा मागे आणखी एक जण सावरायला असायचा.

मग १९९२. त्याच्या दोन वर्षं आधी इटलीत झालेल्या विश्वचषकात गोलांची सरासरी सामन्यामागे २.२१ इतकी खाली गेली होती. बचावपटूने गोलरक्षकाकडे चेंडू सरकवायचा, त्याने तो उचलून घ्यायचा, परत द्यायचा, परत घ्यायचा. वेळ काढण्याचा हा कंटाळवाणा धंदा बंद करायला पायाने मुद्दाम दिलेला बॅकपास हातात घेण्यावर बंदी आली. माझ्या मते आधुनिक फुटबॉलमधल्या निम्म्या फजित्यांचा उगम इथे आहे. गोलरक्षकाला एका रात्रीत पाय वापरावे लागले. पुण्यात जूननंतर मातीच्या मैदानावर खेळलेल्या कुणालाही ठाऊक आहे की पावसात बॅकपास मध्येच डबक्यात थांबतो आणि समोरचा फॉरवर्ड आपल्या गोलकीपरच्या आधी तिथे पोचलेला असतो.

२०१९ मध्ये गोल किकचा, म्हणजे गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करणाऱ्या किकचा, नियम बदलला. चेंडू बॉक्सच्या बाहेर जाण्याची अट गेली आणि स्वतःच्या गोलसमोरच आखूड पास सुरू झाले. प्रेस करणारे, म्हणजे पुढे धावून चेंडू हिसकावू पाहणारे, संघ याच क्षणाची वाट पाहत असतात. रॉयल एअर फोर्समधला चार्ल्स रीप १९५० पासून सामन्यांत हजर राहून वहीत पासांची टिपणं काढायचा. प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ हिसकावलेल्या चेंडूंतून बरेच गोल होतात, हे त्याने आकडे मांडून दाखवलं होतं. त्यातून लांब चेंडू मारत सुटा असा जो निष्कर्ष त्याने काढला त्यावर पुढे भरपूर टीका झाली, आणि ती रास्त होती. पण मूळ निरीक्षण आजच्या प्रेसिंगच्या काळात उलट जास्त लागू पडतं.

व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ पाहून पंचाला मदत करण्याच्या पद्धतीने, वेगळंच केलं. पंचाच्या नजरेतून सुटणाऱ्या चुका आता कॅमेऱ्यात सापडू लागल्या. रशियातल्या २०१८ च्या विश्वचषकात, व्हीएआर असलेल्या पहिल्याच विश्वचषकात, २९ पेनल्टी दिल्या गेल्या. तो विक्रम होता. कॉर्नरच्या वेळी जर्सी ओढणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची खोड अचानक सामना घालवू लागली. त्याच स्पर्धेत १२ स्वयंगोल झाले. आधीचा उच्चांक ६ चा होता. त्यातले बरेचसे बाजूने गोलसमोर वेगाने आलेल्या क्रॉसवर पाय किंवा डोकं लागून झालेले, म्हणजे आळसाचे नव्हते. आता २०२५-२६ च्या हंगामापासून गोलरक्षकाने आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू हातात धरला तर थेट कॉर्नर. चुकांच्या दरपत्रकात आणखी एक ओळ.

भारताची गोष्ट या दरपत्रकात कुठे बसते? ती बहुतेक शेवटच्या पानावर असते. ३१ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ, बहुतेक खेळाडू अनवाणी, फ्रान्सविरुद्ध उतरला. दोन पेनल्टी मिळाल्या. एक शैलेन मन्ना यांनी घालवली, दुसरी महावीर प्रसाद यांनी. सारंगपाणी रामन यांच्या गोलने १-१ झाली होती, आणि ८९व्या मिनिटाला फ्रान्सने सामना नेला. अनवाणी खेळण्याची कौतुककथा आपण अजून सांगतो. त्या दोन पेनल्टींवर कुणी फारसं थांबत नाही.

सत्तर वर्षांनी शारजा. १४ जानेवारी २०१९, आशियाई करंडकाचा साखळीतला शेवटचा सामना, समोर बहारीन. पहिल्या सामन्यात भारताने थायलंडला ४-१ असं धुतलेलं, मग संयुक्त अरब अमिरातीकडून ०-२ हार. बहारीनशी बरोबरी झाली असती तरी भारत गटात दुसरा येऊन बाद फेरीत जात होता. ९० मिनिटं ती बरोबरी टिकली. भरपाईच्या पहिल्या मिनिटाला त्या दिवशीचा कर्णधार प्रणय हलदर याचा बॉक्समध्ये फाउल, जमाल रशीदची पेनल्टी, आणि दुसऱ्या क्रमांकाची उमेद असलेला भारत गटात तळाला. प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी त्याच रात्री राजीनामा दिला. हलदरने तोवर सामनाभर झटून काम केलं होतं, पण त्याच्या नावापुढे तेवढा एक पाय चिकटला.

त्याच वर्षी ५ सप्टेंबरला गुवाहाटीत ओमानविरुद्ध सुनील छेत्रीच्या गोलने मिळालेली आघाडी ८२व्या आणि ९०व्या मिनिटाला गेली. पुन्हा गुवाहाटी, २६ मार्च २०२४, छेत्रीचा १५०वा सामना, समोर अफगाणिस्तान. त्यानेच पेनल्टीवर आघाडी दिली. ७०व्या मिनिटाला बरोबरी झाली आणि ८८व्या मिनिटाला गुरप्रीतसिंग संधूच्या फाउलवर मिळालेल्या पेनल्टीने भारत १-२ हरला. हे सगळे सामने ओळीने ठेवून पाहिले की तंत्राचा मुद्दा थोडा मागे पडतो. तंत्र कच्चं असतं तर गोल विसाव्या मिनिटालाही गेले असते. ८०व्या मिनिटानंतर पाय जड होतात, पाऊल अर्ध्या यार्डाने उशिरा पडतं, आणि उशीर भरून काढायला माणूस हात-पाय पुढे टाकतो. बॉक्समध्ये त्याचं नाव पेनल्टी.

दोह्यातला ११ जून २०२४ चा सामना मात्र यात धरू नये. लल्लियनझुआला छांगटेने भारताला आघाडी दिली होती आणि कतारच्या बरोबरीच्या गोलआधी चेंडू उघडउघड रेषेबाहेर गेला होता. खेळाडू थबकले, शिट्टी वाजली नाही, गोल दिला गेला. शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं नाही, हे प्रत्येक मैदानावर दहा वर्षांच्या पोरालाही सांगतात हे खरं. पण ती चूक आधी पंचांची होती, आणि तिथे व्हीएआर नव्हतं.

चुकीचं खापर नेहमी शेवटच्या माणसावर फुटतं. त्याचा सगळ्यात क्रूर दाखला १९५० च्या विश्वचषकातला. रिओत उरुग्वेच्या घिग्गियाने ७९व्या मिनिटाला क्रॉस न देता जवळच्या खांबाकडे शॉट मारला. ब्राझीलचा गोलरक्षक बार्बोसा क्रॉसच्या अंदाजाने किंचित सरकला होता. त्या सरकण्यासाठी त्याला २००० मध्ये मरेपर्यंत माफी मिळाली नाही. कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारचा तर १९९४ मध्ये स्वयंगोलनंतर दहा दिवसांनी खून झाला. २०१८ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात लिव्हरपूलच्या लोरिस कारियसने चेंडू बेन्झेमाच्या पायावरच टाकला आणि नंतर बेलचा लांबचा शॉट हातातून सोडला. जगभर हसं झालं. सामन्यातच डोक्याला मार लागून त्याला कन्कशन झालं असावं, हे डॉक्टरांनी तपासून सांगितलं तोवर निकाल लावून झाला होता.

आता पुणे. इथला फुटबॉल कॅम्प आणि खडकीच्या लष्करी वस्तीत रुजला आणि बराच काळ तिथेच राहिला. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं संकुल झालं, पण व्यावसायिक क्लब यायला २००७ उजाडलं. त्या वर्षी पुणे एफसी सुरू झाला आणि २०१२-१३ मध्ये आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये दुसरा आला. अमरिंदरसिंग याच क्लबच्या गोलमध्ये उभा राहून पुढे भारताच्या संघात गेला. छांगटे लिव्हरपूलच्या नावाने चाललेल्या डीएसके अकादमीतून आला. भारत एफसी एका हंगामात संपला, डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर दिसला नाही, आणि एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद होऊन त्याची जागा हैदराबादने घेतली. पुणे सिटीचा सगळ्यात मोठा सामना म्हणजे मार्च २०१८ ची आयएसएलची (इंडियन सुपर लीग) उपांत्य फेरी. बालेवाडीत ०-०, मग बंगळुरूत १-३. छेत्रीने तीन गोल केले, त्यातला दुसरा पेनल्टीवर. पुण्याने ८२व्या मिनिटाला एक फेडून २-१ केलं आणि ८९व्याला तिसरा खाल्ला.

सध्या शहरात फुटबॉल खेळणारी मुलं कमी नाहीत. बाणेर, कोथरूड, वाकड, कोंढवा, जिकडे बघाल तिकडे जाळीबंद टर्फ आहेत आणि रात्री अकरालाही स्लॉट मिळत नाही. पण तिथला खेळ पाच-पाच किंवा सात-सातचा. ऑफसाइड नसतो. थ्रो बहुतेक वेळा पायानेच. गोली चेंडू हाताने सरपटत देतो, त्याला उंच क्रॉसवर गर्दीत उडी मारायची वेळच येत नाही. दमलं की बाहेर जायचं, दुसरा आत. तासाभराने दिवे बंद. पायात चेंडू खेळवायला ही उत्तम शाळा आहे, हे मान्य. पण ८८व्या मिनिटाला, बदली खेळाडू संपलेले असताना, आपल्याच बॉक्समध्ये पाय टाकायचा की नुसतं उभं राहून वाट अडवायची, हा निर्णय तिथे कधी घ्यावाच लागत नाही. तो घ्यायला अकरा-अकराचे, पूर्ण लांबीचे, हरल्यावर गुण जाणारे सामने लागतात, आणि तेही वर्षभर. क्लब होते तेव्हा अकादमीच्या पोरांना असे सामने देशभर फिरून मिळत.

२०२७ च्या आशियाई करंडकाच्या पात्रता फेरीत हाँगकाँगनंतर भारत ९ ऑक्टोबर २०२५ रोजी सिंगापुरात खेळला. दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीलाच संदेश झिंगनला दुसरं पिवळं कार्ड, दहा जणांचा संघ, एक गोल मागे. ९०व्या मिनिटाला सिंगापूरच्या बचावपटूचा बॅकपास ढिला पडला आणि रहीम अलीने तो पकडून १-१ केली. पाचच दिवसांनी मडगावात त्याच सिंगापूरसमोर छांगटेच्या गोलने भारत पुढे गेला, पण मध्यंतराच्या उंबरठ्यावर एक आणि मग ५८व्या मिनिटाला दुसरा असे दोन गोल खाऊन १-२ हरला, आणि करंडकाचा रस्ता तिथेच बंद झाला.