स्पर्धेसाठी जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद वाढवताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सन्माननीय ग्राहक,

रब्बीचा माल घरात आला की आपल्या भागात यात्रा आणि कृषी प्रदर्शने सुरू होतात. त्यांच्यासोबत ट्रॅक्टरने वजन ओढण्याच्या स्पर्धाही येतात आणि वडिलांच्या काळचा ट्रॅक्टर घेऊन आमच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्यांची गर्दी वाढते. कोणाकडे जुना मॅसी असतो, कोणाकडे इंटरनॅशनल बी-२७५, तर कोणी एचएमटीचा दोन सिलिंडरचा २५११ अजूनही वखरणीला जुंपत असतो. बहुतेकांची मागणी एकच असते, ती म्हणजे पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून द्यावे. ही मागणी आम्ही तशीच का मान्य करीत नाही आणि त्याऐवजी कोणते काम आधी करतो, हे ट्रॅक्टर सोपवण्यापूर्वी आपल्याला ठाऊक असावे, यासाठी हे पत्रक आहे.

हवेचा हिशेब

डिझेल इंजिनाची ताकद अखेर हवेवर ठरते. जुन्या मॅसी ट्रॅक्टरांत येणारे पर्किन्स घडणीचे तीन सिलिंडरचे ३.१५२ इंजिन उदाहरणासाठी घेऊ. त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९१.४ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची एका दिशेची चाल) १२७ मिलिमीटर असून एकूण क्षमता सुमारे २.५ लिटर आहे. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा ओढते. म्हणून मिनिटाला २,००० फेऱ्यांवर ते जास्तीत जास्त २,५०० लिटर हवा घेऊ शकते, आणि फिल्टर, मॅनिफोल्ड व व्हॉल्व्ह यांचा अडथळा धरला तर प्रत्यक्षात २,१०० लिटरच्या आसपास, म्हणजे वजनाने साधारण अडीच किलो. एक किलो डिझेल स्वच्छ जळण्यासाठी व्यवहारात सुमारे २० किलो हवा लागते. त्यामुळे या इंजिनात मिनिटाला १२० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तासाला सुमारे सव्वासात किलो डिझेल नीट जळू शकते. एका अश्वशक्तीसाठी तासाला अंदाजे २०० ग्रॅम डिझेल धरल्यास उत्तर ३६ अश्वशक्ती येते, म्हणजे अशा ट्रॅक्टरवर कंपनीने लिहिलेल्या आकड्याच्या अगदी जवळ.

हवेचे प्रमाण २० वरून १८ वर आणले, म्हणजे तेवढ्याच हवेत थोडे जास्त डिझेल जाळले, तर ताकद ४० अश्वशक्तीपर्यंत जाऊ शकते आणि धुराची हलकी रेघ दिसू लागते. त्यापुढे टाकलेले डिझेल काळा धूर होऊन सायलेन्सरमधून निघून जाते, मात्र जाताना ते पिस्टनचा माथा तापवते. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि शुद्ध ॲल्युमिनियमसुद्धा ६६० अंश सेल्सिअसला वितळते, हे लक्षात घ्यावे. आमच्या काउंटरवर माथ्याला भोक पडलेला एक पिस्टन ठेवलेला आहे. तो जरूर हातात घेऊन पाहावा, कारण भोकाची कड धारदार नसून मेणासारखी ओघळलेली आहे. काळ्या धुराचा लोट म्हणजे इंजिनाचा जोर, असा समज मैदानावर सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे.

वैदर्भीय उन्हाचाही या हिशेबात वाटा आहे. २० अंशांच्या हवेच्या तुलनेत ४५ अंशांची हवा सुमारे आठ टक्के विरळ असते, म्हणून माघातल्या सकाळी स्वच्छ धावणारे इंजिन त्याच सेटिंगवर वैशाखातल्या दुपारी धूर ओकते. स्पर्धा कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी आहे, हे आम्ही त्यासाठीच विचारतो.

आधी गेलेली ताकद परत आणणे

पन्नास वर्षे चाललेल्या इंजिनाने त्याची मूळ ताकद क्वचितच राखलेली असते, त्यामुळे आमच्या मते पहिली वाढ ही गेलेले परत मिळवण्यातूनच होते. ट्रॅक्टर आला की आम्ही प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबली जाताना तयार होणारा दाब, मोजतो. एका सिलिंडरचे माप दुसऱ्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घसरलेले असेल, तर रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्ह यांचे काम झाल्याशिवाय आम्ही पंपाला हात लावत नाही. व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह घासून बसवणे), सीट कटिंग (त्याची बैठक कापून नीट करणे), हेड फेसिंग (हेडचा पृष्ठभाग सपाट करणे) आणि टॅपेटचा गाळा (व्हॉल्व्हजवळची फट) जुळवणे ही कामे दिसायला साधी आहेत. परंतु दाब टिकतो तो त्यांच्यावरच.

सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलची चाचणी आपल्यासमोर केली जाते आणि ती आपण थांबून पाहावी, असा आमचा आग्रह असतो. टेस्टरचा दांडा दाबल्यावर डिझेल बारीक धुक्यासारखे सुटले पाहिजे, फवारा एकदम तुटला पाहिजे आणि नंतर नोझलचे टोक कोरडे राहिले पाहिजे. टोकावर थेंब लोंबत असेल तर ते डिझेल जळत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन टाकते. नोझल उघडण्याचा दाब आम्ही त्या मॉडेलच्या पुस्तकाप्रमाणेच ठेवतो.

ऑइल-बाथ एअर फिल्टरची वाटी आपण घरीच उघडून पाहू शकता. काळ्या मातीची बारीक धूळ तिच्या तळाशी चिखलासारखी बसते, आणि तो थर बोटाच्या पेराएवढा झाला असेल तर इंजिनाचा श्वास कोंडलेला आहे, असे खुशाल समजावे.

पंप, टायमिंग आणि फेऱ्या

वरील कामे झाल्यावर डिझेलचा पंप कॅलिब्रेशन बेंचवर, म्हणजे त्याची मात्रा मोजण्याच्या यंत्रावर, जातो. तेथे सर्व सिलिंडरांना सारखे डिझेल मिळते की नाही, हे आधी तपासून मगच मात्रा थोडी वाढवली जाते. रोटरी पंपाचे आतील भाग डिझेलनेच वंगण घेतात, त्यामुळे डिझेलमध्ये रॉकेल किंवा पाणी मिसळलेले असल्यास तो पंप लवकर जातो. टायमिंग किंचित पुढे घेतल्याने, म्हणजे डिझेल थोडे लवकर फवारल्याने, जोर वाढू शकतो, परंतु त्याबरोबर सिलिंडरमधील कमाल दाबही वाढतो आणि तो भार हेड गॅस्केट व बिग-एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडील टोकाचे) सोसतात. बोअर दोन मिलिमीटरने मोठा केला तर क्षमता जेमतेम साडेचार टक्के वाढते. केवळ तेवढ्यासाठी ब्लॉक पातळ करणे आम्हाला योग्य वाटत नाही.

गव्हर्नरची, म्हणजे फेऱ्यांची मर्यादा राखणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंग बदलून फेऱ्या वाढवण्याचे काम आम्ही घेत नाही. फेऱ्या २,००० वरून २,८०० वर नेल्या की पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांच्यावरील ओढ जवळपास दुप्पट होते, कारण ती फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जुन्या बिडाच्या फ्लायव्हीलला एखादी बारीक चीर असेल तर ते फुटते, आणि त्याचे तुकडे चालकाच्या पायांच्या दिशेने येतात. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, बसवण्याची विचारणाही होते. परंतु त्यासाठी कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण), ऑइलचा पुरवठा आणि पिस्टन या सर्वांचा नव्याने विचार करावा लागतो, आणि तसे केल्यावर तो जुना ट्रॅक्टर जुना राहत नाही.

ताकद जमिनीवर उतरते का?

स्पर्धेत मोजली जाते ती हुकावरची ओढ. १,२०० किलोची ओढ ताशी पाच किलोमीटर वेगाने टिकवायची असेल, तर हुकावर सुमारे २२ अश्वशक्ती लागते. म्हणजे ३५ अश्वशक्तीच्या इंजिनाला गिअरमधील आणि टायर घसरण्यातील तूट सोसूनही ते साधू शकते. अनेकदा हरण्याचे कारण इंजिनात नसून टायर जागीच फिरण्यात असते. १२.४-२८ आकाराच्या मागच्या टायरमध्ये तीन-चतुर्थांश पाणी भरल्यास प्रत्येकी सुमारे १४० किलो वजन वाढते. हा उपाय स्वस्त आहे आणि बहुतेकांना नांगरणीमुळे परिचयाचाही आहे.

हुक उंच घेतला की पुढचे वजन मागच्या चाकांवर येते आणि पकड वाढते, हे खरे आहे. चाकांतील अंतर १८५ सेंटिमीटर आणि हुकाची उंची ४५ सेंटिमीटर असताना ९०० किलोच्या ओढीने सुमारे २२० किलो वजन पुढून मागे सरकते. उंची ६५ केली तर ते ३१५ किलोपर्यंत जाते. परंतु याच ओढीने पुढची चाके उचलली जातात. साखळी मागच्या ॲक्सलच्या उंचीपर्यंत किंवा टॉप लिंकला (अवजार जोडण्याच्या वरच्या दांड्याला) बांधली तर ट्रॅक्टर चालकासह मागे उलटू शकतो, आणि तेव्हा क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. म्हणून साखळी केवळ खालच्या ड्रॉबारला (ओढण्याच्या पट्टीला) लावावी, पुढे वजने लावावीत आणि इंजिन बंद करण्याची दोरी चालकाच्या मनगटाला बांधावी. ट्रॅक्टरच्या अशाच जीवघेण्या खेळांवर पंजाब सरकारने २०२३ मध्ये एका तरुणाच्या मृत्यूनंतर बंदी घातली. आपल्याकडे ती वेळ येऊ नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, हेही ध्यानात असावे.

काम देताना

येताना आर.सी. बुक आणि आधीच्या इंजिनकामाची बिले सोबत आणावीत. क्रँक पूर्वी किती ग्राइंड झाला आहे आणि लायनर केव्हा बदलले आहेत, हे त्यावरून कळते आणि उघडझाप वाचते. स्पर्धेचे नियमपत्र असल्यास तेही दाखवावे, म्हणजे आपल्या गटात न बसणारे काम आम्ही सुचवणार नाही. इंजिन उघडून मापे घेतल्यावर खर्चाचा लेखी अंदाज दिला जाईल आणि आपल्या होकारानंतरच पुढचे काम सुरू होईल. काढलेले जुने भाग आपल्याला परत दिले जातील. नवीन लायनर-पिस्टन बसवलेल्या इंजिनाला स्पर्धेआधी हलक्या कामावर किमान ५० तास चालवणे आवश्यक आहे. त्यानंतर ऑइल व फिल्टर बदलण्यासाठी, टॅपेट तपासण्यासाठी आणि हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासून घेण्यासाठी ट्रॅक्टर एकदा परत आणावा. ही तपासणी अंदाजपत्रकातच धरलेली असते, तिचे वेगळे पैसे घेतले जात नाहीत.