उंच गाडी आणि लांब गाडी : माउंटन बाइक न्यायला नेमकी कोणती?

माउंटन बाइक घरी आली की वर्षभरात चारचाकीचा विषय निघतोच आणि त्या चर्चेत एक वाक्य ठरलेले असते: सायकल डोंगराची आहे, तेव्हा गाडीही डोंगराचीच घेऊ. डोंगराची गाडी म्हणजे एसयूव्ही, हेही कोणी वेगळे सांगत नाही. मग गाडी येते, पहिल्याच रविवारी डिकी उघडली जाते, सायकल आत जात नाही आणि सोमवारी ॲक्सेसरीजच्या दुकानात टपावरच्या कॅरिअरची चौकशी सुरू होते. डोंगर चढणारी गाडी आणि डोंगराच्या पायथ्यापर्यंत सायकल नेणारी गाडी या दोन वेगळ्या गरजा आहेत. पहिलीला जमिनीपासूनची उंची लागते, तर दुसरीला आतली सपाट लांबी. दुसऱ्या कामासाठी अर्टिगासारखी सात आसनी एमपीव्ही, म्हणजे माणसे आणि सामान नेणारी लांब गाडी, सरस ठरते, तरीही ‘ती टॅक्सीवाल्यांची गाडी’ असे म्हणून तिच्याकडे पाहिलेही जात नाही.

एसयूव्ही सर्वांच्या परिचयाची आहे, त्यामुळे तिच्याविषयी थोडक्यात. तिचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची उंची, जास्त असतो, ब्रेझासारख्या गाडीत तो 200 मिलिमीटरच्या आसपास आहे. बसायला ती उंच वाटते, दिसते रुबाबदार आणि खड्ड्यांतून निर्धास्तपणे जाते. हे सारे खरे असले, तरी आपण सायकलिंगला जातो कुठे, हेही पाहावे. जळगावहून पाल, चाळीसगावहून पाटणादेवी, धुळ्याहून लळिंग किंवा शहाद्यामार्गे तोरणमाळ, यांपैकी प्रत्येक ठिकाणी डांबरी रस्ता पोहोचतो. तोरणमाळचा घाट वळणांचा आहे, पण त्यावरून प्रवासी गाड्या नेहमी जातात. डांबर जिथे संपते, तिथून पुढे सायकलचे काम सुरू होते, गाडीचे नाही. फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळण्याचा, मुद्दा तर बहुतेक वेळा गैरसमजावरच उभा असतो, कारण आपल्याकडे विकली जाणारी क्रेटा आणि ब्रेझा या दोन्ही गाड्या अर्टिगाप्रमाणेच पुढच्या चाकांवर चालतात. पावसाळ्यात सातपुड्यातल्या नाल्यांवरच्या फरशी पुलांवर दोन बोटे जास्त उंची कामाला येते, एवढे मान्य करतो. मात्र फरशीवरून पाणी वाहत असेल, तर कोणतीही गाडी त्यात घालू नये. पेट्रोल की डिझेल, गिअर हाताचे की ऑटोमॅटिक, हे ज्याने त्याने आपल्या खिशाप्रमाणे आणि सवयीप्रमाणे ठरवावे. सायकलला त्याचे काही सोयरसुतक नसते.

खरी फसगत होते ती लिटरच्या आकड्यावर. माहितीपत्रकात डिकीची जागा लिटरमध्ये छापलेली असते आणि लोक दोन आकडे शेजारी ठेवून निकाल देऊन टाकतात. क्रेटाची डिकी 433 लिटरची, तर सर्व सीटा उभ्या असताना अर्टिगाची केवळ 209 लिटरची. एवढे वाचले की अर्टिगा बाद होते. पण हा आकडा कसा काढतात, याची चौकशी कोणी करत नाही. प्रचलित पद्धतीत 20 सेंटिमीटर लांब, 10 सेंटिमीटर रुंद आणि 5 सेंटिमीटर जाड असे एक लिटरचे ठोकळे डिकीत रचतात आणि किती मावले ते मोजतात. चाकाच्या उंचवट्यामागचा कोपरा, बाजूचा खळगा, स्टेपनीच्या वरची पोकळी, जिथे विटेपेक्षा लहान ठोकळा बसेल तिथे तो बसवला जातो आणि लिटरमध्ये धरला जातो. बॅगा, किराणा आणि पाण्याच्या बाटल्या यांच्यासाठी हे माप उत्तम आहे. सायकल मात्र अशी सुटी होऊन कोपऱ्यांत शिरत नाही. तिला एकसंध, आडवी, मध्ये अडथळा नसलेली जागा लागते आणि लिटरचा आकडा या जागेविषयी काहीच सांगत नाही.

म्हणून आधी सायकल मोजावी. 29 इंची चाकाचा टायरसह बाहेरून बाहेर व्यास सुमारे 74 सेंटिमीटर भरतो. मध्यम मापाच्या सायकलच्या दोन्ही चाकांच्या केंद्रांमधले अंतर साधारण 115 सेंटिमीटर धरले, तर दोन्हीकडची चाकांची अर्धी-अर्धी लांबी मिळवून पूर्ण सायकल 189 सेंटिमीटरची होते. पुढचे चाक काढले की पुढचे 37 सेंटिमीटर कमी होतात आणि 152 उरतात, म्हणजे जवळजवळ पाच फूट. हॅन्डलची रुंदी 74 ते 78 सेंटिमीटर असते. ज्या गाडीत सीट पाडल्यावर पाच फूट लांबीची सपाट जागा मिळते आणि मागच्या दाराच्या चौकटीतून हॅन्डल जाते, ती सायकलची गाडी.

छोट्या एसयूव्हीत ही पाच फूट लांबी मिळाली, तरी ती सपाट मिळत नाही. मागची सीट पाडल्यावर तिची पाठ बैठकीवर आडवी पडते आणि डिकीच्या तळापेक्षा वर राहते, त्यामुळे मधोमध एक पायरी तयार होते. सायकलचे मागचे चाक खाली आणि फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) वर, अशा तिरक्या अवस्थेत सायकल ठेवावी लागते. मागची काच वरच्या बाजूला पुढे कललेली असते, त्यामुळे डिकीचे दार लावताना हॅन्डल किंवा सीटपोस्ट (सीटचा दांडा) काचेला टेकतो. या गाड्यांच्या डिकीचा उंबराही उंच असतो, त्यामुळे दिवसभर दमल्यावर पंधरा किलोची सायकल कमरेच्या वर उचलून आत सरकवावी लागते. माहितीपत्रकात या उंबऱ्याच्या उंचीचा आकडा नसतो. तो पाठीलाच कळतो.

सात आसनी गाडीचे गणित वेगळे आहे. अर्टिगाची तिसरी रांग आडवी केली की 209 चे 550 लिटर होतात आणि दुसरीही केली की 803. या आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे दुसरी रांग 60:40 अशी विभागलेली आहे. तिचा एक भाग पाडून सायकली त्या बाजूने पुढपर्यंत सरकवता येतात आणि दुसऱ्या भागावर तिसरा माणूस बसू शकतो. दोन सायकली, दोन किंवा तीन माणसे, हेल्मेट, पंप आणि जेवणाचा डबा, एवढे सारे बंद काचेआड जाते. महामार्गावरच्या ढाब्यावर जेवायला थांबले, तरी सायकलकडे नजर ठेवत बसावे लागत नाही.

मात्र ‘सात आसनी’ या शब्दावरही डोळे मिटून विसंबू नये, कारण तिसरी रांग कशी दुमडते यावर सगळे अवलंबून असते. इनोव्हा क्रिस्टाची तिसरी रांग जमिनीत जात नाही. तिच्या दोन्ही सीटा उचलून बाजूच्या काचांना टेकवून अडकवाव्या लागतात. लांबी भरपूर राहते, पण दोन्हीकडून रुंदी खाल्ली जाते आणि 76 सेंटिमीटरचे हॅन्डल नेमके तिथेच अडते. इनोव्हा हायक्रॉसमध्ये हीच रांग सपाट पडते. नाव एकाच घराण्याचे असले, तरी सायकलसाठी या दोन निराळ्या गाड्या आहेत. बोलेरो ही खानदेशातली लाडकी गाडी आणि ती किती टिकते हे मी सांगायची गरज नाही. पण मागे समोरासमोरच्या सीटा, बाजूला उघडणारे दार आणि त्या दारावर स्टेपनी, अशी तिची रचना माणसे नेण्यासाठी सोयीची आहे, सायकलींसाठी नाही.

सर्वांत मोठा सापळा सीएनजीचा. आपल्याकडे ॲव्हरेज हा शब्द उच्चारला की पुढचे बोलणेच थांबते, त्यामुळे सात आसनी गाडी घ्यायचे ठरले, तरी बुकिंग सीएनजीचेच होते. सीएनजीची टाकी डिकीत, तिसऱ्या रांगेच्या मागे बसवलेली असते. तिसरी रांग आडवी केली, तरी टाकी जागची हलत नाही आणि ज्या सपाट लांबीसाठी ही गाडी घेतली तिच्या तोंडाशीच उंचवटा उभा राहतो. रोज जळगाव-भुसावळ ये-जा असेल, तर सीएनजी जरूर घ्यावी, मात्र मग सायकलीसाठी दुसरी सोय पाहावी. दोन्ही कामे एकाच गाडीकडून हवी असतील, तर पेट्रोलचा खर्च पत्करणे भाग आहे.

शोरूममध्ये जाताना टेप न्यावी, शक्य असल्यास सायकलच न्यावी. सेल्समन नाखूश होईल, होऊ द्यावे. पुढची सीट आपल्या उंचीप्रमाणे लावून, तिच्या पाठीपासून बंद दाराच्या आतल्या बाजूपर्यंत तळाशी मोजावे. सीट पुढे ढकलून दाखवलेली लांबी प्रत्यक्षात उपयोगाची नसते. दाराच्या चौकटीची उंची मध्यभागी न मोजता कडेला मोजावी, कारण वरचे कोपरे गोल असतात.

सायकल आत ठेवण्याच्या काही पद्धती पाळाव्या लागतात आणि त्या न पाळल्यामुळे ‘आत ठेवली की सायकल बिघडते’ असा अपसमज पसरतो. आडवी ठेवायची असेल, तर चेनची बाजू वर हवी. डिरेलरवर, म्हणजे गिअर बदलणाऱ्या मागच्या यंत्रणेवर, सायकल झोपवली की ती जिला लटकते तो हॅंगर किंचित वाकतो आणि ट्रेलवर पहिल्या चढालाच गिअर उड्या मारू लागतात. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील, तर पुढचे चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा तुकडा किंवा दुमडलेला पुठ्ठा सरकवावा. प्रवासात कोणाच्या हातून लिव्हर दाबली गेली की पॅड एकमेकांना चिकटतात आणि रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) आत जात नाही. याहून चांगला उपाय म्हणजे सुताराकडून जाड फळी कापून घेऊन तिच्यावर फोर्क अडकवायचे दोन फोर्क माउंट बसवणे. सायकली उभ्या राहतात आणि काहीही घासत नाही. माउंट मात्र आपल्या ॲक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) मापाचा हवा, कारण जुन्या, बारीक आसाच्या क्विक रिलीजचा माउंट 15 मिलिमीटरच्या थ्रू ॲक्सलला चालत नाही. फळी आणि सायकली गाडीच्या हुकांना किंवा सीटच्या चौकटीला पट्ट्याने बांधाव्यात. पंधरा किलोची सुटी सायकल जोरात ब्रेक मारल्यावर चालकाच्या मानेवर येते, हे आतल्या वाहतुकीचे खरे संकट आहे.

दुसरी तक्रार चिखलाची असते आणि ती रास्त आहे. आपली काळी माती ओली असताना टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये अशी बसते की चाक फिरेनासे होते. ती पाण्याने धुण्यापेक्षा काडीने खरवडून घ्यावी आणि तळाला ताडपत्री, तिच्यावर जुने बारदान टाकावे. घरी पोचेपर्यंत माती वाळून बारदानावर झडते.

बाहेरच्या कॅरिअरविषयी माझे मत प्रतिकूल आहे. मागच्या दाराला पट्ट्यांनी लटकवायचे कॅरिअर सर्वांत स्वस्त म्हणून सर्वाधिक विकले जाते आणि ते प्लास्टिकच्या स्पॉइलरला अडकवलेले दिसले की माझे डोके फिरते. स्पॉइलर शोभेचा भाग आहे, वजन पेलायचा नाही. शिवाय त्या कॅरिअरवर सायकल आडवी बसते. 189 सेंटिमीटरची सायकल आणि गाडीची रुंदी अर्टिगात 173.5, ब्रेझात 179. म्हणजे चाके दोन्ही बाजूंनी गाडीबाहेर येतात आणि अरुंद रस्त्यावर समोरून ऊस किंवा केळी भरलेला ट्रॅक्टर आला की ती आपण विसरलेलो असतो. मागची नंबर प्लेट आणि दिवे झाकले जातात ते वेगळेच. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या सुधारणेनुसार माल मर्यादेबाहेर डोकावत असेल, तर दंड 20,000 रुपये आहे. नाइलाजाने असे कॅरिअर लावायचेच असेल, तर निदान पुढचे चाक काढून गाडीत ठेवावे.

टपावरचे कॅरिअर त्या मानाने सभ्य असते. नंबर प्लेट मोकळी राहते आणि डिकी उघडते. पण छताची वजनमर्यादा गाडीच्या पुस्तकात दिलेली असते आणि तिच्यात कॅरिअरचे वजनही धरावे लागते. काही गाड्यांवरच्या चकचकीत पट्ट्या नुसत्या सजावटीच्या असतात, त्यांना काहीही बांधता येत नाही. उंच एसयूव्हीवर सायकल उभी केली की एकूण उंची पावणेतीन मीटरच्या पुढे जाते. मग जंगलातल्या रस्त्यावर वाकलेल्या फांद्या आणि घरच्या पोर्चचे छत यांचा हिशेब रोज डोक्यात ठेवावा लागतो. मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना टपावरच्या टायरमधले सीलंट (पंक्चर बुजवणारा द्रव) लवकर वाळते, ही बारीकशी गोष्टही लक्षात असू द्यावी.

माणसे पाच-सहा आणि सायकलीही तेवढ्याच असतील, तर वरची सगळी चर्चा बाजूला ठेवून ‘छोटा हत्ती’ भाड्याने घ्यावा. सुमारे सात फुटांच्या हौद्यात पूर्ण सायकली चाके न काढता उभ्या राहतात. एकीचे तोंड पुढे, तर शेजारणीचे मागे ठेवले की हॅन्डल एकमेकांत अडकत नाहीत. रावेर-यावल भागात केळी वाहणाऱ्या पिकअपही मिळतात. माणसांनी मात्र आपल्या गाडीतून जावे, कारण मालवाहू गाडीच्या हौद्यात प्रवासी बसवणे बेकायदा आहे. चालक सवयीने सगळ्या सायकलींवरून एकच दोर टाकून करकचून आवळतो, त्याला वेळीच थांबवावे. प्रत्येक सायकल पेडलजवळून वेगळी बांधून घ्यावी, दोन सायकलींच्या मध्ये बारदानाची घडी घालावी आणि दोराचा ताण ब्रेकच्या होजवर (नळीवर) किंवा रोटरवर येत नाही, हे गाडी सुरू होण्याआधी स्वतः हात लावून पाहावे.